अंडं कधीचं ते आधी, कुठलं ते मग

बाळा, पनवेलला घर घेतलंस, गॅस आला, फ्रीज आला, आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर ‘आत्या, अंडी गावठी आणू की पोल्ट्रीची?’ एका शब्दात उत्तर हवं असेल तर ऑफिसातल्या तुझ्या त्या जिमवाल्या मित्राला विचार. त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं एका शब्दात असतात. मी आपली सावकाश सांगणार. चहा ठेव आणि वाच.

१. अंडीवालीला ‘गावठीच आहेत ना?’ असं विचारू नकोस, ‘कधीची आहेत?’ असं विचार – पहिल्या प्रश्नाला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही.

२. उरण नाक्याच्या बाजारात नेरे-मालडुंग्याकडून बायका रानभाजी घेऊन येतात, त्यांच्यात कुणाच्या टोपलीत भाताच्या तुसात चार अंडी दिसली तर तीच बाई कायमची धर – तोंडओळख झाली की ‘आज नको दादा, जुनी आहेत’ हे ती स्वतःहून सांगते. ओळखीची टोपली, निम्मी काळजी संपली.

३. टोपलीतली अंडी लहान-मोठी, कुठे मळकट पांढरी, कुठे दुधी, कुठे फिकट तपकिरी दिसली तर खुशाल घे – चार घरच्या कोंबड्यांची अंडी एका मापाची, एका रंगाची होत नसतात. सगळी एकसारखी तपकिरी दिसली की मात्र दोनदा बघ.

४. शंका आलीच तर ओल्या फडक्याने एक अंडं चोळून बघ – पांढरं अंडं चहाच्या पाण्यात बुडवून ‘गावठी’ करणारे लोक आहेत, आणि तो रंग फडक्याला लागतो. लिंबाने तपासू नकोस. कवचाचा रंग वरच्या थरातच असतो, आंबटाने खऱ्या अंड्याचाही सुटतो आणि बिचारीवर उगीच आळ येतो. आम्ही म्हणतो, रंगाला भुलला तो चहा पिऊन आला.

५. मॉलमधलं गडद तपकिरी, सहाच्या डब्यातलं, एका मापाचं अंडं गावठी समजून घरी आणू नकोस – ती कोंबडीही पोल्ट्रीचीच, फक्त तपकिरी अंडं घालणाऱ्या जातीची. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आतल्या सत्त्वाशी त्याचं काही नातं नाही. आणि कडकनाथाचं ‘काळं अंडं’ म्हणून कुणी पैसे मागितले तर हसून पुढे जा – मांस काळं असलं तरी त्याचं अंडं फिकट दुधी-तपकिरीच असतं.

६. अंगणात फिरणारी रंगीत कोंबडी दिसली म्हणून ती अस्सल गावठी असेलच असं नाही, हे मनात ठेव – वनराजा, गिरीराजा, ग्रामप्रिया या सरकारी संशोधन केंद्रांनी आणि विद्यापीठांनी परसबागेसाठी तयार केलेल्या जाती आहेत. दिसतात गावठी, पण वर्षाला शंभराच्या वर अंडी घालतात. त्यात फसवणूक नाही, अंडं चांगलंच असतं. फक्त भाव देताना माहीत असावं.

आता भावाचं ऐक, कारण तिथेच तुम्हा शहरातल्या पोरांच्या कपाळाला आठ्या पडतात. अस्सल गावठी कोंबडी सहा-सात महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते. दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग तिला रवणावर बसवलं तर एकवीस दिवस अंड्यांवर, पुढे पिलांमागे. असं करत वर्षाला साठ-ऐंशी अंडी झाली तरी मालकीण खूश. पोल्ट्रीतली लेयर कोंबडी खुडूक होतच नाही म्हण ना. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचा तो गुणच काढून टाकलाय. तिला मोजून खाद्य, दिवसाचा आणि दिव्याचा मिळून सोळा तास उजेड, आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी. गावठीच्या एका अंड्यामागे तिची चार-पाच. भाव दुप्पट का, ते आलं ना लक्षात?

७. म्हणून गावठीवालीशी घासाघीस करू नकोस – घरच्या पोरांच्या तोंडातलं आणि रवणावर ठेवायचं असं दोन्हीकडून वाचवून तिने ते अंडं बाजारात आणलेलं असतं.

८. भाव नगावर बघू नकोस, वजनावर बघ – गावठी अंडं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, पोल्ट्रीचं पंचावन्न-साठचं. ॲगमार्कच्या प्रतवारीत ३८ ते ४४ ग्रॅमचं अंडं ‘लहान’ आणि ५३ ते ५९ ग्रॅमचं ‘मोठं’, म्हणजे गावठी बहुतेक वेळा ‘लहाना’तच बसतं.

९. केक किंवा ऑम्लेट मोजून करायचं असेल तर तीन पोल्ट्रीच्या अंड्यांच्या जागी चार गावठी धर – प्रथिनांचा हिशेबही तसाच आहे. मोठ्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, लहानात पाचाच्या आत. स्नायू मोजणाऱ्या मित्राला हे जरूर सांग, बघ कसा गप्प होतो.

१०. गावठीत पिवळं जास्त असतं ही आजीबाईंची समजूत खोटी नाही, पण अर्धी खरी आहे – अंड्याच्या मानाने बघितलं तर गावठीत जवळजवळ तिसरा हिस्सा पिवळं, पोल्ट्रीच्यात चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. मात्र अंडंच लहान असल्याने उचलून तोललं तर पोल्ट्रीचं पिवळं तेवढंच, कधी काकणभर जास्तच भरतं. चव दाट लागते ती या प्रमाणामुळे.

११. पिवळ्याच्या रंगावरून सत्त्व ठरवू नकोस – तो रंग हिरवा पाला, मका, किडामुंगी यांतून येतो, आणि पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क घालूनही आणता येतो. पिवळ्या पायांची कोंबडी अंड्यावर आली की हळूहळू तिचे पाय फिके पडतात, कारण खाद्यातला रंग पायांऐवजी अंड्यात जाऊ लागतो. पुढच्या वेळी गावाला गेलास की कोंबडीच्या तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ.

१२. सत्त्वाचं विचारशील तर कोंबडी काय खाते आणि कुठे फिरते ते विचार – उन्हात फिरणारीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त सापडतं, हिरवं खाणारीच्या अंड्यात स्निग्धांशाची घडण बदलते. प्रथिनं मात्र दोघींची सारखीच चांगली. पोटात गेलं काय, ते पिवळ्यात दिसतंय.

१३. ‘मोकळी फिरलेली’ ऐकून विरघळू नकोस, कुठे मोकळी फिरली तेही विचार – कोंबडी दिवसभर माती उकरते आणि मातीत जे असतं ते अंड्यात उतरतं. तळोज्याच्या कारखान्यांच्या कुंपणालगत, कासाडीच्या काठाला, महामार्गाच्या कडेला किंवा कचरा जळतो त्या डेपोपाशी चरणाऱ्या कोंबडीचं अंडं फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. शिसं आणि प्लास्टिक जळल्यावर निघणारी विषारी द्रव्यं पिवळ्यातल्या चरबीत आणि अंड्यात साठतात, हे जगभर तपासून झालंय. प्रबळगडाच्या पायथ्याची कोंबडी आणि टोलनाक्याजवळची कोंबडी, दोघी गावठी. अंडी एक नव्हेत.

१४. खाडीकाठच्या गावातून अंडी आणलीस आणि मासळीचा वास आला तर अंडं नासलंय असं लगेच समजू नकोस – मासळीची आतडी आणि सुकटीचा चुरा भरपूर खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याला तो वास लागतो. कांदा-मिरचीत घालून भुर्जी कर, शिरा-पुडिंगाला वापरू नकोस.

आता खरी गोष्ट. गावठी-पोल्ट्री हा वाद लोक तासन्‌तास घालतात, आणि अंडं किती दिवसांचं हे कुणी विचारत नाही. आठ दिवस उन्हात ठेवलेलं गावठी अंडं आणि परवाचं पोल्ट्रीचं, यांत मी डोळे मिटून परवाचं घेईन.

१५. दोन्हीकडचं एकेक अंडं सपाट ताटलीत फोड आणि आडवं वाकून बघ – ताज्या अंड्याचं पिवळं डोंगरासारखं उभं राहतं, त्याच्याभोवती पांढऱ्याचा दाट कठडा असतो; जुन्याचं पिवळं बसकं आणि पांढरं पाण्यासारखं ताटलीभर पळतं. १९३७मध्ये रेमंड हॉ नावाच्या अमेरिकन माणसाने या दाट पांढऱ्याची उंची आणि अंड्याचं वजन यांचं गणित मांडलं, आणि आजही जगभर अंड्याची प्रत त्याच्याच नावाच्या मापाने सांगतात. या मापात गावठी अंडं पोल्ट्रीच्या अंड्याला हरवतंच असं नाही. लेयर जाती निवडताना पांढऱ्याचा दाटपणा आणि कवचाची मजबुती हेही बघत आलेत.

१६. फोडलेल्या ताज्या अंड्याचं पांढरं जरा गढूळ दिसलं, किंवा पिवळ्याच्या दोन बाजूंना पांढरे पिळाचे दोरे दिसले, तर फेकू नकोस – गढूळपणा आतल्या कार्बन डायऑक्साइडचा, तो जुन्या अंड्यातून निघून गेलेला असतो. आणि ते दोरे पिवळं मधोमध धरून ठेवतात. रक्ताचा बारीक ठिपका असला तर चमच्याने काढ आणि पुढे जा.

१७. टोपलीतून आणलेली अंडी घरी येताच पाण्याच्या भांड्यात सोड – तळाशी आडवं झोपलं ते ताजं, तळाशीच पण उभं राहिलं ते आज-उद्या संपवायचं, वर आलं ते टाकायचं. कवचाला हजारो बारीक भोकं असतात, त्यांतून ओल उडत जाते आणि आतली हवेची पोकळी वाढते. गावठीवाली तीन-चार कोंबड्यांची अंडी साठवून बाजाराला येते, तेव्हा एका टोपलीत वेगवेगळ्या वयाची अंडी असतात, म्हणून ही परीक्षा गावठीला आधी.

१८. ही परीक्षा वापरण्याच्या वेळी कर, ठेवणीतलं अंडं मात्र धुऊ नकोस – कोंबडी अंड्यावर एक पातळ लेप देऊन पाठवते, त्याने भोकं झाकलेली असतात. पाण्याने तो गेला की जंतूंना दार उघडं. विष्ठा लागलेलं अंडं कोरड्या फडक्याने पूस आणि आधी वापर.

(हो, सतरावं आणि अठरावं एकमेकांशी भांडतंय हे मला दिसतंय. पाण्यात सोडलेली त्याच दिवशी-दुसऱ्या दिवशी संपव, बाकीची कोरडी ठेव. झालं समाधान?)

१९. दोन अंडी हातात धरून हलकेच एकमेकांवर टेकव – अखंड अंडी टणक, स्वच्छ वाजतात. केसाएवढी चीर असलेलं बद्द वाजतं आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही.

२०. एप्रिल-मेमध्ये गावठी अंडी ओट्यावर ठेवू नकोस, आणल्या-आणल्या फ्रीजमध्ये टाक – गावठी अंड्यामागे कोंबडा असतो, पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात नसतो. फळलेलं अंडं पनवेलच्या उकाड्यात राहिलं की कोंबडीशिवायच आत जीव धरायला लागतो आणि मग मरतो. अंधारात मोबाइलचा दिवा अंड्याच्या बोथट टोकाला लावून बघ. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते अंडं गेलं. (पोल्ट्रीचं अंडं शाकाहारी की मांसाहारी, हा विषय मात्र सासुरवाडीत काढू नकोस. त्याचा निकाल लागत नाही, जेवण मात्र थंड होतं.)

२१. फ्रीजमध्ये ठेवताना दारात नको, आतल्या कप्प्यात, बोथट टोक वर करून ठेव – दारात दर उघडझापीला उष्णता लागते, आणि टोक वर असलं की पोकळी जागेवर राहून पिवळं मधे राहतं. एकदा फ्रीजमध्ये गेलेलं अंडं तासन्‌तास बाहेर ठेवू नकोस; आपल्या दमट हवेत त्याला घाम सुटतो आणि घामाबरोबर घाण आत जाते.

२२. गावठी अंडं नेहमी वाटीत वेगळं फोड, मग मिश्रणात घाल – पाच चांगल्यांत सहावं खराब पडलं की सहाही जातात. आधी वाटी, मग पातेली. घाई केली, भुर्जी गेली.

२३. पोल्ट्रीचं अंडं वाण्याकडून घेताना ट्रे कोणत्या दिवशी उतरला ते विचार, विशेषतः श्रावणात – आपल्या राज्याला स्वतःची अंडी पुरत नाहीत. २०२३च्या जानेवारीत पशुसंवर्धन खात्यानेच सांगितलं होतं की राज्यात रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी खपतात आणि जवळजवळ एक कोटी कमी पडतात. ती कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून ट्रकने येतात. प्रवासाचे दिवस त्यात धर. श्रावणात खप पडतो, भाव उतरतो आणि ट्रे दुकानात तसेच राहतात. स्वस्त मिळालं म्हणून महिन्याचं भरून ठेवू नकोस.

२४. कच्चं अंडं दुधात फेटून पिण्याची पैलवानी कुणी शिकवली तर ऐकून घे, पिऊ नकोस – साल्मोनेला गावठी-पोल्ट्री असा भेद करत नाही, शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. उकडलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

२५. बर्ड फ्लूची बातमी आली की अंडी बंद करण्यापेक्षा अर्धकच्ची बंद कर – २०२५च्या जानेवारीत आपल्या शेजारी उरण तालुक्यात चिरनेरला तो निघाला होता, तेव्हा लोकांनी घाबरून अंडी टाकून दिली. ७० अंशांवर नीट शिजलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही. मात्र बाधित गावातून कोंबडी, अंडी किंवा रिकामे ट्रे उचलून आणायचे नाहीत, कुणी कितीही प्रेमाने दिले तरी.

२६. अगदी ताजं गावठी अंडं उकडून सोलायला घेतलंस आणि अर्धं पांढरं सालीबरोबर आलं तर कोंबडीला दोष देऊ नकोस – ताजं अंडं सालीला चिकटतंच; उकडायला चार-सहा दिवसांचं घे. पिवळ्याभोवती हिरवट कडा आली तर अंडं वाईट नाही, तू जास्त उकडलंस.

गावच्या घरी मागल्या दारी चार कोंबड्या पाळायचं तुझ्या मनात घोळतंय असं कानावर आलंय. पाळ. पण दोन गोष्टी आधीच ऐकून ठेव.

२७. अंड्याची सालं वाळवून, भाजून, बारीक कुटून कोंबड्यांना घाल. तिसऱ्यांचे शिंपले मिळाले तर आणखी चांगलं – एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि खाण्यात मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. उन्हाळ्यात ती धापा टाकते तेव्हा कवच आणखी पातळ होतं, म्हणून सावली आणि गार पाणी आधी. सालं अख्खी टाकू नकोस, अंडं फोडून खायची सवय लागते.

२८. मानमोडीची लस वेळेवर दे आणि खुराड्याचं दार सांजेला स्वतः लाव – मानमोडी आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, आणि मुंगूस एका रात्रीत तेच काम करतो. पहिली लस पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत द्यायची असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर.

राहिला तुझा मूळ प्रश्न. पोरांचा डबा, ऑम्लेट, भुर्जी, केक यांना वाण्याकडची परवा उतरलेली पोल्ट्रीची अंडी आण; तेवढ्याच पैशांत जास्त प्रथिनं मिळतात आणि पोरांच्या वाढीला ती पुरेशी आहेत. रविवारी वाटण घालून अंड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी करशील, तेव्हा ओळखीच्या टोपलीतली गावठी आण, आणि बाई मागेल तेवढे दे.